उजव्या पायाचं माप

"दुसऱ्या पायाचंही घ्या," स्टुलावर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला रागच आला. सत्तावीस वर्षं मी मापं घेते आहे. गिऱ्हाइकानं कापड आणावं, ताठ उभं राहावं, आरशात बघून तोंड वाकडं करावं; एवढंच त्याचं काम. माप कसं घ्यायचं हे त्यानं सांगायचं नसतं. आणि माप घ्यायचं ते उजव्या बाजूचंच. उजवी मांडी, उजवा गुडघा, उजवी पोटरी, खाली घोट्याशी उजवी मोहरी. मग कापड दुमडायचं, खडूनं आखायचं, एकदाच कात्री चालवायची की दोन्ही पाय एकदम कापून निघतात. जिनं मला हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "देवानं माणूस दुमडून कापलाय गं. एक बाजू मापली की दुसरी कळली." हे वाक्य मी पुढं कितीजणींना शिकवलं याचा हिशेब नाही. तरी गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही म्हणून मी गुडघ्यावर बसल्या बसल्या टेप त्यांच्या डाव्या पोटरीभोवती फिरवला. उजवी चौदा इंच होती. डावी सव्वापंधरा भरली. मी टेप सोडून पुन्हा लावला. सव्वापंधराच. "बघितलंत?" बाई वरून म्हणाल्या. "म्हणून माझी एकही पँट मला नीट बसत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पायात गाठ झाली होती. शिरेत. रक्ताची."

स्टुलावर चढलं की माणूस बोलायला लागतं. जमिनीपासून वीतभर उंच गेल्यानं काय होतं कोण जाणे, पण बायका मला नवऱ्याचं, सुनेचं, पोटातल्या दुखण्याचं सगळं सांगतात, आणि मी तोंडात टाचण्या धरून हुंकार भरते. तेव्हाही मी तसंच काहीतरी विचारलं, गाठ हाताला लागते का वगैरे. त्या म्हणाल्या, नाही लागत. आत असते. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते, चालताना ती दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. माणूस पडून राहिलं, बसून राहिलं, प्लास्टरमध्ये अडकलं, की रक्त साचतं. त्यात ऑपरेशन झालं असेल, हाड मोडलं असेल, तर शिरेला आतून मार बसलेला असतो. त्यात बाळंतपण, काही गोळ्या, वजन, पाणी कमी पिणं, घरात आधी कुणाला झालेलं असणं, यांनी रक्त गोठायलाच टपलेलं असतं. "एकेकटं काही नाही हो. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की मात्र गाठ धरते," त्या म्हणाल्या. "आणि गंमत म्हणजे मी स्वतः डॉक्टर. पण बाळाच्या धांदलीत आपल्या पायाकडे कोण बघतं? सासूबाईंनी आठ दिवस रोज तेल लावून चोळला. इतक्या प्रेमानं! नशीब माझं की वाचले. चोळायचा नसतो तो पाय. तुकडा सुटला तर सरळ वर जातो, हृदयातून फुफ्फुसात. माणूस उठून चार पावलं चालतं, दम लागतो, आणि संपतं." शेवटचा शब्द त्यांनी पँटच्या रंगाबद्दल बोलावं तितक्या सहज उच्चारला. माझ्या हातातला टेप त्यांच्या पायाभोवती तसाच होता. "घट्ट होतंय," असं त्या म्हणाल्या की मीच विचारलं, ते मला आठवत नाही. चार पावलं. त्यांनी तीन म्हटलं असतं किंवा दहा म्हटलं असतं तर मी कदाचित कार्डावर आकडे लिहून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली असती.

आई चारच पावलं चालली होती. पलंगापासून दारापर्यंत. मी नऊ वर्षांची होते, ताई चौदाची. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. बाबांनी ते वाक्य कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं होतं. आमच्या घरात आईची इतकी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती. ती कूस बदलायला लागली तरी बाबा स्वयंपाकघरातून ओरडायचे, "हलू नकोस!" सारखं उठावं लागू नये म्हणून ती पाणीही कमी प्यायची. आणि आम्ही दोघी रोज दुपारी शाळेतून आलो की तिचे पाय दाबायचो. एक पाय ताईचा, एक माझा. ती वाटणी होती. शेवटच्या आठवड्यात आई म्हणायला लागली, "डावा जरा जास्त दाब गं, ठणकतोय," आणि मग डावा कुणाला नकोसा झाला, कारण उजवा दहा मिनिटांत सुटायचा आणि डावा संपता संपायचा नाही. बाविसाव्या दिवशी बाबांनी नवीन सपाता आणल्या. आज उठायचं म्हणून आम्ही दोघींनी नेहमीपेक्षा जास्त दाबले, अगदी मुठी वळून, घामाघूम होईपर्यंत. उजवी सपात गेली. डावी चढेना. आई हसून म्हणाली, "राहू दे, एकीवरच चालते," आणि एका पायात सपात, एक पाय अनवाणी अशी ती चार पावलं चालून दाराच्या चौकटीला टेकली. "थांबा हं, दम लागला," एवढंच म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. खोलीत लख्ख ऊन होतं. हृदय बंद पडलं, असं सगळे म्हणाले, आणि त्रेचाळीस वर्षं मीही तेच म्हणत आले.

डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हा साडेअकरा झाले असतील. मी कापायच्या टेबलाशी उभी राहिले आणि मला काय कापायचं आहे ते आठवेना. शेजारी काज करणारी बाई बसते, तिची जीभ तिच्या सुईपेक्षा तीक्ष्ण. ती म्हणाली, "काय हो, कापड बोलतंय का तुमच्याशी?" मी हसल्यासारखं केलं. हाताचे तळवे ओले झाले होते आणि मी ते सारखे एप्रनला पुसत होते. करड्या कापडावर डाग पडला असता तर घरून भरून द्यावं लागलं असतं, असं मी स्वतःलाच कारण देत होते. खरं कारण वेगळं होतं. त्या तळव्यांना आईची पोटरी अजून आठवत होती. गरम होती ती. बाकीचा पाय गार आणि तेवढीच गरम, आणि दाबलं की बोटाचा खळगा थोडा वेळ तसाच राहायचा. मला त्या खळग्यांची गंमत वाटायची. मी तिथं पाच बोटांचं फूल करायची. म्हणजे माझ्याकडे डावा होता? की उजव्यावरही खळगे पडत होते? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. मी स्वतःलाच खोदून खोदून विचारत होते: डावा कुणाचा होता? जणू एवढं एक कळलं की पुढचं सगळं आयुष्य सरळ शिवून होणार होतं.

शिकाऊ पोरींकडून एक चूक हमखास होते. माणूस समोर उभं असतं, त्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताशी येतो, आणि कार्डावर उलटं लिहिलं जातं. मला ती चूक आता करायची नव्हती. मी टेबलावर एक न शिवलेली पँट उताणी पसरली. ही आई. डोकं खिडकीकडे. पलंगाची एक बाजू भिंतीला, दुसरी मोकळी. भिंतीकडे मी बसायचे. मी लहान म्हणून मला आत, आणि भिंतीच्या थंड गिलाव्याला पाठ टेकता यायची ते मला आवडायचं. यात शंका नाही. पण भिंत आईच्या उजव्या हाताला की डाव्या? मी डोळे मिटले. पलंगाच्या मोकळ्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवलेलं स्टूल होतं, आणि आई पाणी घेताना दर वेळी सांडायची, आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "डाव्या हातानं घेतलं की असंच होणार." डाव्या हातानं. म्हणजे मोकळी बाजू डावी. म्हणजे भिंत उजवी. म्हणजे उजवा पाय माझा.

डावा ताईचा होता.

माझा जीव भांड्यात पडला. हे लिहायला लाज वाटते, पण पडला, अगदी खणकन पडला. मी तिथल्या तिथं एक मोठा श्वास घेतला, कात्री उचलली, आणि काजवाल्या बाईला विचारलंसुद्धा की चहा घेणार का. मग तो श्वास बाहेर सोडायच्या आतच मला ताईचे हात दिसले. चौदा वर्षांच्या मुलीचे हात, नखं कुरतडलेली, मुठी वळलेल्या. ती मन लावून दाबायची. मी पाच मिनिटांत टंगळमंगळ करायची, फुलं काढायची, आणि ती मात्र ओठ घट्ट मिटून, कपाळावर आठी घालून, आई म्हणेल तितका वेळ दाबत बसायची. आई गेल्यावर तिनंच माझ्या वेण्या घातल्या, तिनंच माझं परकर-पोलकं सोडवून फ्रॉक शिवायला टाकला, तिनंच पुढं या शिवणाच्या कामाला मला ओढत आणून बसवलं. आणि मी आत्ता, तिच्या वाट्याला डावा आला म्हणून, चहा मागवत होते. ठरवलं की हे तिला कधीच सांगायचं नाही. कधीही. जे माहीत नाही ते बोचत नाही. कानाला खडा.

कडीला टांगलेली निळी पँट तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच होती. सकाळपासून होती. ताईचीच. आठ दिवसांपूर्वी ती मापाला आली होती, काठी टेकत. पायरीवरून पाय घसरून डावा घोटा मोडला होता, पाच आठवडे प्लास्टर होतं, ते नुकतंच निघालं होतं. ताई टॅक्सी कंपनीत फोनवर बसते, कानाला बोलायचं-ऐकायचं यंत्र लावून. कुठली गाडी कुठल्या चौकात आहे, कुठल्या गल्लीत खोदकाम चाललंय, सगळा नकाशा तिच्या डोक्यात. प्लास्टरमध्येसुद्धा तिनं सुट्टी घेतली नाही, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून दहा-दहा तास बसली. "मी उठले तर अर्धं शहर चुकेल," असं म्हणायची. स्टुलावर ती चढलीच नाही, जमिनीवरच उभी राहिली. मी उजव्या पायाचं माप घेतलं. ती म्हणाली, "छोटे, डाव्यात जरा सैल ठेव हं. सुजल्यासारखा वाटतो." आणि मी काय म्हणाले? टाचण्या तोंडात धरून म्हणाले, "सगळ्याजणी असंच म्हणतात. देवानं माणूस दुमडून कापलाय." ती हसली. आम्ही दोघी हसलो. मी कार्ड काढून बघितलं. पोटरी: पंधरा. एकच आकडा. बसून राहणं, मोडलेलं हाड, वजन, आणि पाळी जाताना त्रास झाला म्हणून तिला चालू असलेल्या त्या गोळ्या, आणि घरात आधी कुणाला. मी बोटांवर मोजत गेले आणि पाचवं बोट मिटलं तशी फोनकडे धावले.

फोन पाच वेळा वाजला. सहाव्या वेळी तिचा तो टॅक्सीवाला आवाज आला, "बोल." मागे ऑफिसचा गलबला नव्हता; आज कामावर का नाहीस, असं मी विचारलं. "अगं पोटरी धरलीय कालपासून. लंगडून चालते ना, म्हणून. हे बसलेत तेल घेऊन. मस्त चोळतायत. तुझ्या भावजींना चाळीस वर्षांत एवढं एकच काम जमलंय बघ." मागून भावजींचा आवाज आला, "चाळीस नाही, एकतीस." मी ओरडले. "चोळू नका! ताई, हात काढायला सांग त्यांना. आत्ता. पाय हलवू नकोस." काज करणारी बाई सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग ताई म्हणाली, "का गं?" साधा प्रश्न. दोन अक्षरी. पण त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि ते तिला द्यायचं नाही हे मी अर्ध्या तासापूर्वीच ठरवलं होतं. "मी येते," मी म्हणाले. "आल्यावर सांगते. गाडी पाठव." तेवढं मात्र तिला लगेच जमलं. चार मिनिटांत खाली टॅक्सी उभी होती.

रस्ताभर मी तयारी करत होते. असं सांगायचं, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या सूज असली तर दाखवून घ्यावं. बस. चोळण्याबद्दल विचारलं तर म्हणायचं, हाड नाजूक असतं, निसटतं. खोटं बोलायला मी कच्ची आहे, लहानपणी साधी वही हरवली तरी माझे कान लाल व्हायचे आणि ताई म्हणायची, "छोटे, कान झाक आधी." म्हणून मी वाक्यं पुन्हा पुन्हा घोळवत होते. चालक म्हणाला, "तुम्ही कंट्रोलबाईंच्या बहीण ना? त्यांच्याशिवाय आज सगळे भरकटलेत." मी मान हलवली. प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं की आत्ता ती उठली असेल. कुणी बेल वाजवली असेल, दूध उतू गेलं असेल, मी येणार म्हणून ती दार उघडून ठेवायला निघाली असेल. पलंगापासून दारापर्यंत त्यांच्या घरात किती पावलं आहेत ते मी मोजत होते. सात. नाही, कोपऱ्यावर टेबल आलंय, आठ.

दार भावजींनी उघडलं. त्यांचे हात तेलकट होते आणि ते त्यांनी अंगापासून लांब धरले होते. ताई पलंगावर पाय पसरून बसलेली, चेहऱ्यावर वैताग. "काय नाटक आहे हे? आणि पँट कुठंय माझी?" मी पिशवीतून टेप काढला. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. घाबरलं की माणूस आपल्याला जे येतं तेच करतं. उजवी पोटरी, पंधरा. डावी पावणेसतरा. मी पुन्हा मोजली नाही. कातडी ताणून चकचकीत झाली होती, रंग जरा वेगळा होता, आणि माझा हात लागला तेव्हा गरम लागली. बाकीचा पाय गार आणि तेवढीच गरम. मी हात असा काढून घेतला की ताई म्हणाली, "चटका बसला का काय?" मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. कानाचं यंत्र लावलं आणि स्वतःसाठीच गाडी बोलावली, पत्ता सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. खाली नेताना भावजींनी आणि मी तिला खुर्चीसकट उचललं. ती म्हणाली, "सावकाश रे, काचेचं सामान आहे," आणि आम्ही तिघंही हसलो नाही.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होती, आमच्या काजवालीच्या मुलीच्या वयाची. तिनं पायावर गार मलम लावून यंत्र फिरवलं, पडद्यावर करडं-काळं काहीतरी हलत होतं, आणि एका ठिकाणी ते हलायचं थांबलं. "ही इथं," ती म्हणाली. "गुडघ्याच्या मागून वर मांडीपर्यंत. बरं झालं आजच आणलंत." लगेच पोटात इंजेक्शन दिलं, उजव्या हाताला सुई लावून ठेवली. मग फळीला लावलेला कागद घेऊन प्रश्न विचारत बसली. ऑपरेशन? फ्रॅक्चर? किती दिवस प्लास्टर? गोळ्या कुठल्या? श्वास लागतो का? ताई एकेक उत्तर देत होती, नेमकी, गाड्यांचे नंबर सांगावेत तशी. "चोळलं वगैरे नाही ना कुणी?" भावजी भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मी. कालपासून. दोनदा." आणि आपल्या तळव्यांकडे बघू लागले. त्यांनी ते आल्या आल्या नळाखाली साबणानं दोनदा धुतले होते. डॉक्टर म्हणाली, "आता नका करू," आणि पुढची ओळ वाचली. "घरात आधी कुणाला अशी गाठ? आई, वडील, भावंडं?"

"नाही," ताई म्हणाली. "आमच्याकडे कुणाला नाही."

डॉक्टरनं पेन टेकवलं. मी त्या पेनाच्या टोकाकडे बघत होते. अजून वेळ होता. "नाही" असं लिहिलं गेलं असतं तर ताई घरी जाऊन बरी झाली असती, कदाचित झाली असती, आणि आई हृदय बंद पडून गेलेली राहिली असती. पण त्या कागदावरून औषध ठरणार होतं, किती महिने द्यायचं ते ठरणार होतं. आठ दिवसांपूर्वी मी एकच पाय मापून कार्ड भरलं होतं. दुसऱ्यांदा अर्धं कार्ड भरू द्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं. "हो," मी म्हणाले. "आईला. तपासलं नव्हतं कुणी. पण तीच असणार. ऑपरेशननंतर तीन आठवडे झोपून होती. एक पाय सुजला होता. उठली आणि चार पावलं चालून गेली." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, वय विचारलं, आईचं, त्या वेळचं. अडतीस. तिनं ते लिहिलं.

ताई छताकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. दहा गाड्या एकदम अडकल्या की ती अशीच करते. डोळे वर, ओठ हलतायत, कोण कुठल्या बाजूला उभं आहे ते मनात मांडत असते. मला धावत जाऊन तिचं तोंड दाबावंसं वाटलं. तिनं आधी डॉक्टरलाच विचारलं, "चोळल्यानं, दाबल्यानं जातं का माणूस?" पोरगी जरा घुटमळली. म्हणाली, "जाऊ शकतं. पण बऱ्याचदा गाठ आपली आपणच सुटते. उठल्यावर, खोकल्यावर, कशानंही. कुणामुळे सुटली ते सांगता येत नाही. आणि तीन आठवडे न हलता झोपवलं होतं म्हणता, तेवढंच पुरे होतं." मग तिला दुसरीकडून हाक आली. भावजी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले. पडदा ओढलेला होता, आम्ही दोघीच.

"डावा कुणाचा होता गं?" ताईनं विचारलं.

"माझा," मी म्हणाले. इतक्या चटकन, की ते आधीच शिवून ठेवल्यासारखं वाटलं.

"तू भिंतीकडे बसायचीस."

"हो."

"स्टूल माझ्या बाजूला होतं. आई पाणी सांडायची ते माझ्या फ्रॉकवर." ती थांबली. "म्हणजे डावा माझा."

"त्या दिवशी नाही. त्या दिवशी आपण बदलले होते. तुला कंटाळा आला होता. म्हणालीस, छोटे, आज डावा तू घे. आठवत नाही तुला? मी फुलं काढत होते बोटांची. खळगे पडत होते ना पायाला. म्हणजे डावाच होता." मी भराभरा बोलत होते आणि माझे कान तापत होते. ते झाकायला हवेत हे मला कळत होतं, पण हात उचलत नव्हते. ताईनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या डोळ्यांकडे, मग बाजूला, कानांकडे. खूप वेळ. ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी संध्याकाळी तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली होती, उगाचच, नीट असलेली वेणी, तेव्हा आरशातून ती माझ्याकडे असंच बघत होती. लहानपणी आम्ही भांडायचो ते तो पाय नको म्हणून. आता मला तो हवा होता, आणि तो सोडायचा नाही म्हणून ती ओठ मिटून घेत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता, कानाच्या पाळीकडे ओघळत गेलं. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलंय. मलाही रडू फुटलं आणि मी ते एप्रनला पुसलं. एप्रन काढायचा राहूनच गेला होता.

"मी कंटाळायची नाही कधी," ती म्हणाली.

"त्या दिवशी कंटाळलीस."

तिनं एक लांब श्वास घेतला. मी तो पूर्ण बाहेर येईपर्यंत मोजला. तिच्या उजव्या हाताला सुई होती, चिकटपट्टी लावलेली. पांघरुणाखालून तिनं डावा हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून. लहानपणी कुरतडलेली ती नखं आता नीट कापलेली होती.

"बरं," ताई म्हणाली. "डावा तुझा. दाब."

मी तिचा हात दाबायला लागले, अंगठ्यापासून, हळूहळू. भावजी औषधं घेऊन आले तरी आम्ही तशाच बसलो होतो.